ओरानचं टेबल

बेलापूरच्या ऑफिसात आमच्या टेबलाला सगळे 'ओरान' म्हणायचे. स्पेनमधला एक कारखाना फरशांना चकाकी आणणारी पूड बनवायचा आणि समुद्रापलीकडे अल्जेरियातल्या ओरान शहरात पाठवायचा. तिथला टाइल्सचा कारखाना ती विकत घ्यायचा. आम्ही माल कधी डोळ्यांनी बघितला नाही. सहा जण सातव्या मजल्यावर बसून त्याचे कागद तेवढे तयार करायचो: बिल, जहाजाच्या पावतीचा मसुदा, आणि माल कुठल्या देशात बनला त्याच्या दाखल्याचा अर्ज.

हे कागद ओरानच्या कारखान्यात एक बाई तपासायची. ती फ्रेंचमधून लिहायची, मी कॉम्प्युटरवर भाषांतर करून उत्तर द्यायचे. एकदा मी वजनाचा आकडा चुकवला. तिने माझ्या साहेबांना कळवलं नाही. मला एकटीला लिहिलं, 'दुरुस्त कर, मी थांबते.' तेव्हापासून ती मला ऑफिसातलीच वाटायला लागली.

बावीस सालच्या जूनमध्ये तिचा दोन ओळींचा मेल आला. आमची बँक स्पेनचं एकही नवीन बिल घेत नाहीये, पुढचं काही पाठवू नका.

स्पेनच्या बंदरात चार कंटेनर भरून उभे होते. मी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर नकाशा उघडून बसले. मोरोक्कोच्या खाली वाळवंटाचा एक पट्टा आहे, तो कुणाचा यावर जुना वाद. स्पेनने मोरोक्कोच्या बाजूने कौल दिला, तिथे मोरोक्कोविरुद्ध लढणाऱ्यांना साथ देणाऱ्या अल्जेरियाने चिडून स्पेनबरोबरचा मैत्रीचा करार थांबवला, आणि पाठोपाठ बँकांनी व्यवहार बंद केले. मी उलव्यात राहणारी, नवी मुंबईच्या पलीकडे फारशी कधी न गेलेली बाई, आणि माझं टेबल त्या वाळवंटामुळे थांबलं होतं.

घरी गेल्यावर वडिलांना सांगितलं. ते मिठागरावर राबलेले, नंतर जमीन टाउनशिपला गेली. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"बोलनं बंद केलं तर दोन दिसांत मिटतं," ते म्हणाले. "बाजार बंद केला ना, मंग भांडन खरा हाय. तू आता दम धर."

तिसऱ्या आठवड्यात स्पेनचा कारखाना आणि आमच्यामधल्या दलालाचा मेल आला. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब साताऱ्याकडचे, रिटायरमेंटला दोन वर्षं उरलेली.

"माल दुसऱ्या बंदरातून फिरवून पाठवतायत," ते म्हणाले. "बिल नवीन बनवायचं. देशाच्या कॉलममध्ये स्पेनच्या जागी त्या बंदराच्या देशाचं नाव टाकायचं."

"पण सर, माल तिथे बनलेलाच नाही."

"कोण बघायला जातंय? आपण टायपिंग करणारी माणसं. गिऱ्हाईक सांगेल ते टाइप करायचं."

"तिकडे पकडलं तर कागदाखाली त्या बाईची सही असते."

"तू तिला कधी बघितलंयस तरी?"

"नाही."

"मग?"

"माझ्या लॉगिनने हे जाणार नाही, सर," मी म्हटलं.

ते ओरडले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तुझ्याबरोबर या कामावर अजून पाच जण आहेत. त्यांचाही विचार कर."

तो विचार मी केला होता. तरी ते बिल मी बनवलं नाही.

महिन्याभरात ओरानचं काम बंद झालं. दोघं नोकरी सोडून गेले, तिघांना दुसरीकडे घेतलं. त्यांच्यातल्या एकीने माझ्याबरोबर डबा खाणं सोडलं. मला जुन्या फायली स्कॅन करायला बसवलं. दिवसभर पिना काढायच्या, कागद सरळ करायचे, मशीनमध्ये घालायचे. सातआठ महिन्यांनी त्यात आमचीच फाइल हाती आली. आत साहेबांनी दलालाला लिहिलेलं पत्र होतं. तारीख आमचं बोलणं झालं त्याच दिवसाची. 'खोटा देश लिहून आमचं ऑफिस कागद देणार नाही,' आणि खाली त्यांची स्वतःची सही. मला त्यांनी याबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. मी ते पत्र स्कॅन केलं, फाइलला पुन्हा लावलं आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

त्याच आठवड्यात मी फ्रेंचचा क्लास लावला. खांदेश्वरला एक निवृत्त शिक्षिका घरी शिकवायच्या. मी सोडून सगळी नववीतली पोरं. दर शनिवारी स्कूटरवरून जायचे, क्रियापदं पाठ करायचे. पोरं हसायची, मग सवय झाली त्यांना. काम परत येईल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. पण आलंच तर भाषांतराच्या मशीनवर अवलंबून राहायचं नाही, एवढं ठरवलं होतं. ओरानच्या बाईला ईदला चार ओळी लिहायचे. ती चुका दुरुस्त करून परत पाठवायची.

चोवीसच्या नोव्हेंबरमध्ये तिनेच कळवलं की बँकेने स्पेनची बिलं घ्यायला सुरुवात केली. साहेब तोवर रिटायर होऊन गावी गेले होते. मी आधी त्यांना फोन लावला.

"सर, ओरान उघडलं."

"मग मला काय फोन करतेस? ओरानला कर."

केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला, माझ्यापेक्षा बराच जाड. मी अडखळत बोलले, ती हळू बोलली. बातमी काही गोड नव्हती. त्यांच्या कारखान्याने मधल्या काळात पूड दुसऱ्या देशातून घ्यायला सुरुवात केली होती. पूर्वी महिन्याला बारा कंटेनर जायचे, आता चाचणीसाठी एकच घेणार.

नवीन मॅनेजर म्हणाल्या, "एका कंटेनरसाठी टेबल कशाला चालू करायचं?"

"तीन महिने द्या," मी म्हटलं. "स्कॅनिंग पण करते."

त्यांनी दिले. अल्जेरियातल्या टाइल्सच्या कारखान्यांची एक यादी मी ओरानच्या बाईकडून मागवून घेतली. तिकडे सकाळ होते तेव्हा आपलं जेवण झालेलं असतं. डबा धुऊन ठेवते आणि रोज एका कारखान्याला फोन करून स्पेनची पूड हवी का विचारते. बरेच जण माझं फ्रेंच ऐकून आधी विचारतात की तुम्ही नक्की कुठून बोलताय. मी सांगते, नवी मुंबई, आणि पुढे बोलत राहते. आतापर्यंत दोघांनी दर मागवलेत.