माझ्या बिल्ल्यावर अक्का

आमच्या गल्लीतली एक सून परवा विडीचं कार्ड घेऊन माझ्याकडं आली. कार्ड तिच्या नणंदेच्या नावाचं आणि विड्या वळणार ही. कारखान्याचा कसलासा कागद आला होता, तो वाचून दाखवा म्हणाली. मी वाचला, काय ते सांगितलं आणि वर चार शब्द जास्तीचे बोलले. तर ती हसली. "आजी, समदे असंच करत्यात की!"

करतात, मला ठाऊक आहे. आम्हीही करत होतो. म्हणूनच आज हे लिहायला बसले. मी शाळेत गेलेली नाही. अक्षरं शिकले ती तिशी उलटल्यावर, नवी पेठेतल्या दुकानांच्या पाट्या आणि किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून. तेव्हा बोलते तसंच लिहीन. नाव कुणाचं घालणार नाही. त्यातली बरीच माणसं गेली, आणि ज्यांची पोरंबाळं आहेत त्यांना उगीच कशाला?

आम्ही मूळचे मंगळवेढ्याकडचे, मेंढरंवाले. चारा संपला तशी मेंढरं विकली आणि सोलापुरात आलो. मालक गिरणीत मागावर लागले आणि मी रिळाच्या खात्यात. तिथं सूत गुंडाळायचं काम, सगळ्या बायकाच. घरात आम्ही दोघं, माझ्या दोन मुली आणि अक्का.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. थोरले दीर तापानं गेले तेव्हा तिचं वय तिशीच्या आतच होतं. मूलबाळ नाही. आधी तीही रिळाच्या खात्यातच होती, पण नवरा गेल्यावर वर्षभर घराबाहेर पडायचं नाही म्हणून बसली, तेवढ्यात तिची जागा दुसरीला गेली. मग ती माझ्या मुली सांभाळायची, स्वयंपाक करायची आणि दिवसभर चाळीतल्या बायकांना हसवायची. मी कामावरून आले की म्हणायची, "आली बघा कमावती! पाट मांडा गं पोरींनो, मुकादम रागावंल." मलाही बोलायची हौस. दोघी सुरू झालो की मालक उठून बाहेर जायचे.

तर बिल्ल्याचं सांगते. गिरणीत प्रत्येकीला एक पितळी बिल्ला असायचा, त्यावर आकडा. दारावरचा कारकून तो आकडा बघून हजेरी मांडायचा. तोंडाकडं कोण बघतंय? कुणी आजारी पडली, कुणाला माहेरी जायचं झालं, तर तिच्या बिल्ल्यावर तिची बहीण, आई, जाऊ कामाला जायची. न सांगता तीन दिवस खाडा झाला की जागा गेली, म्हणून ही रीत. मुकादमाच्या कानावर घातलं की झालं. त्यालाही बरं, यंत्र रिकामं राहत नाही.

एका हिवाळ्यात माहेराहून आई आजारी असल्याचा निरोप आला. मी माझा बिल्ला अक्काच्या हातात दिला आणि मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, "यीऊ दे की. तिच्या हाताला सवय हाय, तुझ्यापरीस झटक्यात करती."

दोन दिवसांत येते म्हणून गेले. आई दुसऱ्याच दिवशी उठून बसली. पण ज्वारी हुरड्याला आलेली, शेकोटीभोवती जुन्या मैत्रिणी, आणि किती वर्षांनी मी अशी निवांत बसले होते. राहिले. आईसाठी राहिले असं मी पुढं पुष्कळांना सांगितलं, पण ते काही खरं नाही. हुरड्यासाठी राहिले. पाचव्या दिवशी परत आले तर माझी धाकटी मुलगी दारातच उभी. म्हणाली, "अक्काचा हात यंत्रानं खाल्ला."

दवाखान्यात गेले. उजवा हात कोपरापर्यंत कापडात गुंडाळलेला, तोंड पांढरं पडलेलं. मला बघून म्हणाली, "आलीस व्हय? हुरडा आनलास का न्हाय?" आणला होता. पदराची गाठ सोडून मी तिला एकेक घास भरवला. रडत मी होते, खात ती होती.

झालं होतं असं. यंत्राच्या दातेरी चाकांवर लोखंडी जाळी असायला हवी, ती कित्येक दिवसांपासून काढून ठेवलेली. चाकात सुताचा गुंता अडकला. यंत्र बंद करूनच साफ करावं असा फलक भिंतीवर होता म्हणे, पण वाचता कुणाला येत होतं? अक्का यंत्र थांबवायला गेली तर मुकादम ओरडला, "बंद करू नगंस, चालत्यातच काढ!" तिनं हात घातला. तीन बोटं गेली.

कामगारांची कामं फुकट बघणारा एक तरुण वकील होता. नवी पेठेत कापडाच्या दुकानावर माडीवर बसायचा. चाळीतल्या एका जाणत्या माणसानं आम्हाला तिकडं नेलं. वकिलांनी अक्काला खुर्ची दिली. ती काही बसली नाही, जमिनीवरच बसली, मग तेही खुर्चीवरून उठून सतरंजीवर आले. कामावर असताना हात-पाय गेला तर गिरणीच्या मालकानं भरपाई द्यायची असा कायदा झालाय, हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं.

"पन बिल्ला हिचा की, साहेब," अक्का म्हणाली. "म्या कुटं कामावर व्हते? कागदावर ही व्हती."

"बिल्ला कुणाचा यावर सगळं ठरत नाही," ते म्हणाले. "यंत्रावर हात कुणाचा होता आणि कुणी ठेवायला लावला होता, हे दाखवता आलं पाहिजे. गिरणी म्हणणार, ही बाई आमची नव्हेच. खात्यातल्या बाकीच्या बायका बोलणार नाहीत, त्यांना पोटाची भीती आहे." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पण तुम्ही शपथेवर सांगितलंत, की मी गावाला होते आणि मुकादमाला विचारून जाऊबाईंना पाठवलं, तर मला लढता येईल."

मी विचारलं, "माजं काम जाईल का?"

त्यांनी खोटा धीर दिला नाही. "जाईल बहुतेक. खरी साक्ष दिली म्हणून कामावरून काढू नये, असा कायदा मला तरी कुठं दिसत नाही."

येताना अक्का वाटेत शेळ्यांचं बोलायला लागली. भरपाई मिळाली तर मंगळवेढ्याला भावाच्या शेजारी एक खोपटं बांधीन, चार शेळ्या घेईन. शेळी राखायला दहा बोटं कशाला लागतात? एक काठी आणि तोंड असलं की झालं. "आनि तोंड मला देवानं दोघींचं दिलंया," ती म्हणाली. लई दिवसांनी हसली. दिराच्या घरात विधवा बाई म्हणून जन्म काढायचा, त्यातून हात असा. ते तिच्या मनाला किती लागत असेल, हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. कळत होतं.

मग एका सुट्टीच्या दिवशी मुकादम घरी आला. चहा घेतला, मुलींना हातावर खाऊ दिला, आणि मालकांच्या समोर मला म्हणाला, "हजेरीपटावर त्या दिवशी तुजी हजेरी हाय. तू कामावर व्हतीस, जाऊ भाकरी घिऊन आली व्हती, तिनं चाकात हात घातला. एवढंच बोलायचं. न्हाईतर तुजा बिल्ला गेला, ह्यांचा माग गेला, आनि खोटी हजेरी लावली म्हनून माजंबी गेलं. बघ बाई, तिगांची कामं हायती."

तो गेल्यावर मालक म्हणाले, "तुमचं तुमी बायका बघा." आणि चपला घालून बाहेर पडले.

आम्ही दोघीच राहिलो. चुलीवर कोरड्यास शिजत होतं. अक्का डाव्या हातानं ते ढवळत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "तो म्हनतोय तसंच सांग."

मी चुलीत लाकूड सारलं.

"सांग की. दोन पोरी हायेत तुला. माजं काय, मी एकटा जीव. भाकरी तर तू घालशीलच."

आणि मी म्हणाले, "बरं."

बास, एवढंच. मग आम्ही जेवलो.

दाव्याच्या दिवशी वकिलांना वाटत होतं मी खरं सांगणार. आदल्या दिवशी जाऊन त्यांना सांगायचीही माझी छाती झाली नाही. शपथ घेतली. निवाडा करणाऱ्या साहेबांनी विचारलं, कामावर कोण होतं? मी म्हणाले, मी होते. मग ही बाई? भाकरी घेऊन आली होती. इथवर मुकादमानं पढवलेलं. पण पुढं जे बोलले ते मला कुणी सांगितलं नव्हतं, ते माझंच. म्हणाले, "हिला सवय हाय सायेब, दिसंल तितं हात घालायची. म्या किती येळा नको म्हनलं, ऐकंल तर शप्पत!" तिथं बसलेली दोनचार माणसं हसली. लोक हसले की मला बोलायला हुरूप येतो, असा माझा स्वभाव. अक्का खाली मान घालून पदरात हात लपवून बसली होती. सगळ्या चाळीला हसवणारी बाई, आणि त्या दिवशी मी तिच्यावर लोकांना हसवलं. खोटं बोलले ते पोटासाठी, असं म्हणता येईल. पण हे कशासाठी बोलले?

वकिलांनी मला आणखी दोन प्रश्न विचारले. आवाज चढवला नाही. मी तेच सांगितलं. दावा फेटाळला गेला.

माझा बिल्ला राहिला. मालकांचा माग राहिला. मुकादम खात्यात मला सोपं यंत्र द्यायला लागला, आणि बाकीच्या बायका माझ्याशी जपून बोलायला लागल्या. भोंगा झाला की मी निघायची. अक्का घरचं सगळं डाव्या हातानं शिकली, भाकरी थापायलासुद्धा. भाकरी सुरुवातीला फाटायची, तेव्हा अक्का म्हणायची, "फाटली तर फाटली, पोटात कुटं गोल जाती?" मला टाकून बोलली नाही, माझ्या मुलींवर राग काढला नाही. त्यानं तर मला जास्तच घर खायला उठायचं.

पुढच्या हिवाळ्यात एक दिवस खाडा करून मी एकटीच नवी पेठेत त्या माडीवर गेले. वकिलांनी ओळखलं. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, हुरड्यापासून. म्हणाले, माझी साक्ष पुसून नवी लिहा, बिल्ला गेला तर जाऊ दे.

त्यांनी तांब्याभर पाणी दिलं. म्हणाले, "बाई, ठाऊक होतं मला. पण निकाल होऊन गेला, मुदतीही उलटल्या. आता तुम्ही खरं बोललात तर खोट्या साक्षीचा खटला तुमच्यावर होईल, आणि जाऊबाईंच्या हाती तरीही काही पडणार नाही." मग म्हणाले, "दाव्याच्या आधी आला असतात तर."

घरी आले. मुली बाहेर खेळत होत्या, अक्का तांदूळ निवडत बसली होती. मी तिला सांगितलं कुठं गेले होते ते. वाटलं, निदान एवढं तरी तिला बरं वाटेल.

ती निवडायची थांबली. "कशापायी गेलीस?"

"तुज्यासाटी, अक्का. लई लागलं मनाला."

"मनाला लागलं," ती म्हणाली. आणि मग, वर्षभरात पहिल्यांदा, ती माझ्यावर चिडली. "अगं, दारी आलेल्या पावन्याला वाढलेली भाकरीबी मानूस पैल्यांदा नको म्हनतंय! वाढनाऱ्यानं आग्रेव करायचा असतो, खानाऱ्यानं नको म्हनायचं असतं. आपल्याकडं एवढं-एवढं पोरगं शिकतंय हे. म्या तुला माजा हात वाढला व्हता. आनि तू एकदाबी नको म्हनली न्हाईस. बरं म्हनलीस."

मी तिच्यासमोर बसले. म्हणाले, "मग तवाच सांगायचं हुतंस, माज्या बाजूनं बोल म्हनून."

"म्या सांगून तू म्हनलेलं नको, ते काय नको असतंय व्हय?" ती म्हणाली, आणि सूप पुढं ओढून पुन्हा खडे वेचायला लागली.

शेळ्यांचं नाव तिनं परत कधी काढलं नाही. आमच्यातच राहिली, आमच्याच घरात गेली. मी मात्र तो एक क्षण इतक्यांदा मनात फिरवून बघितला आहे. चुलीवर कोरड्यास शिजतंय, ती म्हणते आहे, सांग की. समजा मी नको म्हणाले असते. तिनं आग्रह केला असता. मी पुन्हा नको म्हणाले असते. तिनं मुलींची शपथ घातली असती, आणि शेवटी, मी स्वतःला ओळखते, मी ऐकलंच असतं. साक्ष तीच झाली असती, निकालही तोच. पण जन्मभर माझ्या घरात वावरताना तिला ठाऊक असतं, की ही एकदा नको म्हणाली होती.