व्याह्यांचा नारळ

जमिनीखाली काय आहे हे या जगात दोघांनाच ठाऊक आहे, एक शेषनाग आणि दुसरे आमचे व्याही. मांजरी गावचे हे शेतकरी गृहस्थ, माझ्या लेकीचे सासरे, शेंडीच्या नारळावर पाणी शोधतात. नारळ तळहातावर आडवा ठेवायचा, अनवाणी चालायचं, आणि खाली पाणी असलं की म्हणे तो आपोआप उभा राहतो. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला माणूस, पण मुलीच्या सासऱ्यांना ‘हे थोतांड आहे’ असं कोणत्या तोंडाने सांगणार? लग्नाच्या बोलणीला ते हडपसरला आमच्या घरी आले, तेव्हा ताटातला नारळ उचलून हॉलभर फिरले आणि टीव्हीसमोर थांबून म्हणाले, “हितं दोन इंच पाणी हाय.” मला धक्काच बसला. “अहो, आपण तिसऱ्या मजल्यावर आहोत,” मी म्हणालो. “पाण्याला मजला कळतोय व्हय?” त्यांनी मलाच विचारलं.

लग्नात तर कहर केला. मंगलाष्टका चालू, भटजी ‘सावधान’ म्हणतायत, आणि मुलाचे वडील कार्यालयाच्या मालकाला स्टेज तीन फूट डावीकडे सरकवायला सांगतायत, कारण चांगला झरा खाली वाया चाललाय. मी अक्षता हातात धरून आ वासून बघत राहिलो. या कामाचा त्यांनी कधी कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही. पाणी लागलं तर देवाची कृपा, नाही लागलं तर “अजून पन्नास फूट जा.” त्यांचा सख्खा धाकटा भाऊ असा तीनदा खाली गेला. तिन्ही बोअर कोरड्या निघाल्या आणि भावाने बोलणं टाकलं. “त्याची श्रद्धा कमी पडली,” व्याही सांगायचे, आणि सांगताना दुसरीकडे बघायचे.

दिवाळीच्या सुट्टीत जावयाने गाडी काढली आणि आम्ही आंध्रातली एक गुहा बघायला निघालो. वाटेत चहाला थांबलो की व्याही नारळ घेऊन खाली. एका हॉटेलवाल्याला तर त्यांनी भट्टी हलवायला लावली असती. गुहेपाशी पोचलो तर वर नुसतं उघडं माळरान. तिकीट-खिडकीसमोर त्यांनी नारळ धरला, पण तो हलेना. “कोरडा ठाक मुलूख हाय,” त्यांनी अख्ख्या रांगेला ऐकवलं, “हितं थेंब न्हाई.” आमचा गाइड नुसता हसला.

मग पायऱ्या उतरत, वाकत, घामाने निथळत आम्ही बराच वेळ खाली चाललो. गाइड बॅटरीचा झोत टाकून चुनखडीचे लोंबते खांब दाखवत होता. त्याला त्यांत गणपती दिसत होता, ऐरावत दिसत होता. शेवटच्या वळणावर खळखळ ऐकू आली. ओढा! चांगला गुडघाभर, वाहता. “अब हम बिलकुल टिकट-खिडकी के नीचे हैं,” गाइड म्हणाला.

लग्नाच्या बोलणीपासून मी या क्षणाची वाट बघत होतो. मोठ्या उत्साहाने व्याह्यांकडे वळलो आणि हादरलो. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते खडकावर बसले, ओंजळभर पाणी प्याले. “गोड हाय,” म्हणाले. मग पाण्याकडे बघत, “माझ्या शब्दावर भावानं तीनदा जमीन फोडली ओ.”

आणि मी, भूगोलाचा मास्तर, चक्क खोटं बोललो. “अहो व्याही, नारळ डिकीत उकडला असेल. इतक्या लांबच्या प्रवासात नारळाचं काय होतं, सांगता येत नाही.”

“न्हाई,” ते म्हणाले, “नारळ चांगला हाय.”

परतीच्या वाटेवर ते नारळ घेऊन एकदाही उतरले नाहीत. मांजरीत शिरल्यावर स्वतःच्या घराआधी भावाच्या दारात गाडी थांबवायला लावली. भाऊ अंगणातच उभा होता. “तुझी श्रद्धा न्हाई रं कमी पडली,” व्याही म्हणाले. “मलाच काय बी कळत न्हवतं.”  भाऊ गाडीकडे वळून आम्हाला म्हणाला, “उतरा की. च्या ठेवायला सांगतो.”

हल्ली दोघे भाऊ संध्याकाळी एकत्र बसतात, याचा मला मनापासून आनंद आहे. कुणी पाणी बघायला बोलवायला आलं, तर व्याही त्याला सरळ टँकर मागवायला सांगतात. आमच्याकडे येतात, सोफ्यावर बसतात, ट्रॅफिकला शिव्या देतात आणि फरशीवरून तुमच्या-माझ्यासारखे चालत निघून जातात. माझा भूगोल खरा ठरला. घरात कुणाला बोललो नाही, पण मला हे मुळीच आवडलेलं नाही.