क्रेनवाल्याची बाटली

रस गाळायचा नाही, हे मला कुणी शिकवलं नाही. चोथा फेकायचा आणि नुसतं गोड पाणी प्यायचं, त्यानं पोट कसं भरणार? पेरू, काकडी, आल्याचा तुकडा मिक्सरमधून काढायचा, बिया तेवढ्या चाळणीवर अडवायच्या, वर लिंबू आणि भरपूर पाणी. साखर नाहीच. चिमूटभर शेंदेलोण टाकलं की पेरूची चव आपोआप वर येते. आमच्या घरात साखरेचा डबा आहे, पण तो पाहुण्यांच्या चहासाठी.

हे सगळं सुरू झालं आमच्या ह्यांच्या वजनापायी. हे महाळुंग्याच्या एका कंपनीत क्रेन चालवतात. शेडच्या छताखाली रुळांवर फिरणारी क्रेन, तिची केबिन उंचावर, शिडी चढून जायचं. गेल्या वर्षी कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं, पुढच्या मेडिकलला वजन आणि बीपी खाली दिसलं नाही तर शिडी बंद, खाली स्टोअरमध्ये बसायचं. लातूर सोडून इकडं आले तेव्हापासून हा माणूस त्या केबिनमध्ये बसतोय. रात्री जेवताना म्हणाले, "खाली बसून मी काय करू गं?" तो आवाज मला ऐकवला नाही. म्हटलं, "कोण बसवतंय तुम्हाला खाली? मी आहे ना."

मग रोज सकाळी कंपनीची बस यायच्या आत बाटली भरायची. कधी मोसंबी-पुदिना, कधी अननसाच्या दोन फोडी आणि बाकी सगळी काकडी. मधल्या सुट्टीत चहा-वडापावऐवजी ती प्यायची, असं ठरलं. संध्याकाळी बाटली रिकामी यायची, पण वजनाचा काटा जागचा हलेना. माझा माझ्या हातावर भारी भरवसा, त्यामुळं मी त्या काट्यालाच नावं ठेवली आणि नवा आणला. नवाही तेच सांगायला लागला.

एक दिवस तळवड्याच्या भाजी बाजारात ह्यांच्याच शिफ्टमधल्या एकाची बायको भेटली. हात धरून म्हणाली, "वहिनी, काय घालता हो त्या सरबतात? आमच्या ह्यांचा पट्टा एक भोक आत गेला."

मी तिथंच पिशवी खाली ठेवली.

घरी आल्यावर ह्यांना समोर बसवलं. तर कंपनीत डबे उघडले की सगळं मधोमध ठेवतात, तशी माझी बाटलीही मधोमध. ज्याच्या त्याच्या ग्लासात ओतली की ह्यांच्या वाट्याला दोन घोट. आणि एवढं सरबत पाजणाऱ्याला उपाशी कसं ठेवायचं, म्हणून कुणी गूळपोळी सरकवायचं, कुणी शेंगदाण्याचा लाडू.

"एकट्यानं पितात का? बरं दिसतं का ते?" हे म्हणाले.

"आणि खाली बसलेलं बरं दिसेल का?"

 पण त्यांना बोल तरी कसा लावू, मीसुद्धा त्याच गावची. चार माणसांत एकट्यानं खायचं नसतं, हे आमच्या हाडात आहे. संताप मात्र जाईना. त्या संतापातच मी माळ्यावरचा लग्नातला पाण्याचा मोठा जार काढला, घासला आणि दुसऱ्या दिवशी तोंडापर्यंत भरला. म्हटलं, "हा मधोमध ठेवा. आणि सगळ्यांना सांगा, वहिनीचं सरबत प्यायचं असेल तर लाडू-पोळी घरी ठेवून यायचं. ज्याला जमत नाही त्यानं ग्लास पुढं करू नये."

काय बिशाद कुणाची. आठवडाभर कुरकुरले, मग तेच काकड्या आणि पेरू पाठवायला लागले. पावसाळा सरता सरता ह्यांचा शर्ट खांद्यावरून उतरू लागला. मेडिकलला डॉक्टरांनी दोनदा काटा बघितला आणि शिडी चालू ठेवली.

दसऱ्याला कंपनीत मशिनची पूजा असते, घरच्यांना बोलावतात. हे गळ्यात झेंडूचं तोरण अडकवून केबिनला बांधायला शिडी चढले. सरळ वर गेले. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत. बाजूला उभा असलेला शिफ्टमधला एक जण हळूच म्हणाला, "वहिनी, मागच्या वर्षी भाऊ मधेच थांबून दम खायचे. आम्ही मुद्दाम दुसरीकडं बघायचो."

आज सगळे मान वर करून बघत होते.