माझी बॅग माळ्यावर नको

मला पुण्याला नेलं त्या दिवशी बुऱ्हाणपूर स्टेशनवर माझे दोन्ही हात रिकामे होते. एक बॅग माझ्या मुलाच्या, दिलीपच्या, हातात, दुसरी त्याच्या खांद्यावर. पाण्याची बाटलीसुद्धा त्यानंच धरलेली. शेजारीण निर्मला पोचवायला आली होती. ती म्हणाली, "मजा आहे बाई तुझी, राणीसारखी चालली."

मी म्हटलं, "राणी नाही, पार्सल."

ती हसली. मी हसले नाही.

कारखान्याच्या कॉलनीतल्या माझ्या बायांनो, तुम्ही काही अजून तिथंच आहात, काही माझ्यासारख्या पोरांच्या मागं पुण्याला, सुरतेला गेलात. तुमच्यासाठी हे लिहिते आहे. मी चौथी शिकलेली, लांबण मला लावता येत नाही. आमचे हे गेले, त्यानंतर वर्षभर मी, कॉलनी सोडल्यावर बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याजवळ घेतलेल्या घरात, एकटी राहिले. मग न्हाणीत पडले. हाड जुळलं, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. दिलीप आला, घराला कुलूप घातलं, किल्ली निर्मलाकडे दिली. त्याचं काही चुकलं नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

पुण्यातलं घर चौथ्या मजल्यावर. सून चांगली आहे. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं माझी बॅग रिकामी करून कपडे कपाटात लावले, आणि बॅग नीट पुसून माळ्यावर टाकली. तिचं घर, तिची शिस्त. पण मी खाटेवर बसून त्या बॅगेकडे बघत राहिले. स्टुलावर चढल्याशिवाय ती निघणार नव्हती, आणि मला स्टुलावर कोण चढू देणार? बाकी सगळं होतं तिथं. लिफ्ट होती, गीझर होता, गॅस तर नळातून येत होता. फक्त निघायचं म्हटलं तर बॅग दुसऱ्यानं काढून द्यायला हवी होती.

मला माझे वडील आठवले. रावेरकडच्या गावातून लग्न होऊन मी कागद कारखान्याच्या कॉलनीत आले, तेव्हा पितळेची भांडी कोंबून ट्रंक भरली होती. वडिलांनी ती एका हातानं उचलून पाहिली, खाली ठेवली आणि अर्धी भांडी बाहेर काढली. म्हणाले, "तुला उचलता येईल तेवढंच घे. दरवेळी उचलायला कोणी असेलच असं नाही." मी रडले ते भांड्यांसाठी. आई म्हणत होती, पोरगी आमच्यासाठी रडते.

सहा महिन्यांनी मी दिलीपला म्हटलं, मला बुऱ्हाणपूरला जाऊन यायचं आहे, एकटीला. तो म्हणाला, "आई, सुट्टी मिळाली की मी नेतो ना." मी म्हटलं, तुझ्या सुट्टीनं मी माझं घर का बघायचं? तेव्हा वैतागून बोलला, "ज्या दिवशी स्वतःचं सामान स्वतः उचलून गाडीत चढशील, त्या दिवशी जा एकटी." गप्प बसवायला बोलला होता. मी ते शब्द धरून ठेवले.

चाकांची बॅग ओढून पाहिली. चाकं फरशीवर धावतात, गाडीच्या दारात धावत नाहीत, तिथं उचलावीच लागते. मग नात ईशाची कॉलेजची बॅग पाठीला लावली. ती माझ्या कमरेच्या खाली लोंबली. दोन पायऱ्या चढले आणि मागच्या मागं जिन्यात बसले. ईशा म्हणाली, "आजी, तू कासव दिसतेस." मी म्हटलं, "कासव पोचतं तरी. हात दे."

दिवाळीला दिलीपनं सगळ्यांना बुऱ्हाणपूरला आणलं. तिथं मी त्याला शनवाऱ्यातल्या बॅगेच्या दुकानात नेलं.

दुकानदारानं विचारलं, "अम्मा, पोते के लिए?"

"मेरे लिए."

"आप पीठ पे लटकाओगी?"

"सिर पे रखती थी. अब गर्दन नहीं रही. आप माल दिखाओ."

त्यानं पंधरावीस बॅगा काढल्या. आत कागदाचे बोळे भरून सगळ्या टुम्म फुगवलेल्या. मी बोळे काढायला लावले. रिकामीच जड असेल ती बॅग बाजूला. ज्याला दहा कप्पे ती बाजूला, मला चष्मा शोधत बसायचं नाही. तीन राहिल्या. मग पिशवीतून मी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाचा डबा काढला, घरून मुद्दाम नेलेला. तो आणि दोन लुगडी घालून एकेक बॅग पाठीला लावली आणि दुकानाच्या पायऱ्या चढउतार केल्या. लोक बघत होते. दिलीप रस्त्याकडे तोंड करून उभा होता, जसा काही माझा नव्हेच.

तिसरी बॅग आखूड होती, कमरेच्या वरच राहणारी. पट्टे रुंद, आत गादी भरलेली. पण उजवा पट्टा पदरावरून सारखा घसरत होता. शेवटी दिलीप वळला. मग आला, माझ्या मागं उभा राहिला, दोन्ही पट्टे आवळले, आणि छातीवरचा एक लहान पट्टा शोधून चाप लावला. बॅग पाठीला चिकटून बसली.

"आई," तो म्हणाला, "तुझ्या फेल्टच्या दप्तराचे पट्टे बारीक होते. खांद्याला कापायचे."

कॉलनीतल्या बायांना फेल्ट सांगायला नको. बाकीच्यांना सांगते. कारखान्यात ओल्या कागदातलं पाणी शोषून घ्यायला मशीनवर जाड लोकरी कापड असतं, ते फेल्ट. जुनं झालं की आम्हाला मिळायचं. आम्हाला वाटायचं, जगात त्याच्याइतकं मजबूत काही नाही. अंथरायला फेल्ट, पडद्याला फेल्ट. मी पोराचं दप्तरही त्याचंच शिवलं. फाटलं नाही कधी. पण पाणी प्यायचं ते कापड, त्याचा धर्मच तो. पावसात दप्तर भिजलं की पोरापेक्षा जड व्हायचं. चार वर्षं त्यानं ते वाहिलं.

"तेव्हा का नाही बोललास?" मी विचारलं.

"तू म्हणाली असतीस, उचल."

बरोबर होतं. तेच म्हणाले असते. मी त्याच्या खांद्यावरून एकदा हात फिरवला, पोचला तेवढा. दुकानदार म्हणाला, "अम्मा, फिर यही पॅक कर दूँ?" मी म्हटलं, "पॅक काय करता, पाठीवरच आहे."

होळी झाल्यावर मी निघाले. पुणे स्टेशनवर दिलीपनं सवयीनं बॅगेला हात घातला. मी नुसतं बघितलं. त्यानं हात खिशात घातले. गाडीच्या दाराचा दांडा डाव्या हातानं धरून मी एक पाय वर टाकला, दुसरा उचलेना. मान वळवली तर मागं त्याचे दोन्ही हात खिशातून बाहेर आलेले मला दिसले, पाठीपासून वीतभर लांब थांबलेले. त्याच्या शाळेच्या पहिल्या दिवशी शाळेच्या पायरीवर माझे हात असेच होते. लावले नव्हते मी तेव्हा. त्यानंही लावले नाहीत. मी चढले.

बुऱ्हाणपूरला निर्मलानं किल्ली दिली आणि म्हणाली, "आलं का पार्सल?"

"स्वतःच आलं," मी म्हटलं.

दाराजवळ एक खिळा आहे, तिथं हे कारखान्यातून आल्यावर त्यांची पिशवी टांगायचे. तिथं माझी बॅग टांगली. पंधरा दिवस राहिले. जाळी काढली, नळ दुरुस्त करून घेतला. आणि निघायला तीन दिवस असताना, बाराव्या दिवशीच, ईशासाठी दराबा, आमच्याकडची रव्याची मिठाई, आणून ठेवला, तेव्हा माझं मलाच हसू आलं.

पुण्याला परतले. सुनेनं बॅग हातात घेतली, माळ्याकडे पाहिलं आणि थांबली. दिलीप आतून हातोडी घेऊन आला. माझ्या खाटेजवळच्या भिंतीवर त्यानं हूक धरला.

"इथं ठोकू?"

"खाली. तिथवर माझा हात जात नाही."

त्यानं वीतभर खाली घेतला. "आता?"

मी बसल्या बसल्या हात लावून पाहिला. लागला.

"ठोक," मी म्हटलं.

माझं घर कुठं, असं आता कोणी विचारलं तर मी दोन पत्ते सांगते. दोन्हीकडे बॅग माझ्या हाताला लागते.