गुम्मिडिपूंडीपर्यंतचा पल्ला

अण्णा नगरातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरातून चंद्रिका रावनं मुलीची सायकल खाली उतरवली तेव्हा तिला एकावन्न पूर्ण होऊन दोन महिने झाले होते, आणि सायकल तिला येत नव्हती.

मुलगी अनन्या नोकरीसाठी बंगळूरला गेली, आणि तिची सायकल बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांखाली उभी राहिली. चंद्रिकेचे यजमान सुधींद्र शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. ते एकदा म्हणाले, "कोणाला तरी देऊन टाकूया गे. उगाच गंजेल." चंद्रिका "हूं" म्हणाली. पण त्या रविवारी सकाळी तिनं फडकं घेतलं, सायकल पुसली आणि म्हणाली, "अहो, खाली येता का जरा? मागून धरायला."

सुधींद्रांनी तिच्याकडे पाहिलं, नेसलेली वेष्टी गुडघ्यापर्यंत खोचली आणि चप्पल घालून जिना उतरले. का, कशाला, या वयात काय, असलं एक अक्षर नाही. तीन आठवडे रोज पहाटे तो माणूस सीट धरून तिच्या मागे धावला. चौथ्या आठवड्यात त्यांना धावायची गरज उरली नाही, तरी चार दिवस ते सवयीनं मागे चालत राहिले.

दोन महिन्यांत चंद्रिका भाजीला, देवळात, टॉवर पार्कपर्यंत सायकलनं जाऊ लागली. मग तिच्या मनात एक विचार आला आणि तो काही केल्या जाईना. तिचा थोरला भाऊ एकोजी गुम्मिडिपूंडीला राहायचा. तिथल्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षं फिटर म्हणून काम करून त्यानं कारखान्याजवळच लहानसं घर बांधलं होतं. अण्णा नगरापासून चव्वेचाळीस किलोमीटर. तिथं सायकलनं जायचं.

हे एकोजीला सांगायचं नाही, असंही तिनं ठरवलं. त्याला कारण होतं. ती दहा वर्षांची आणि तो चौदाचा असताना, तंजावरला, एकोजीनं वडिलांची उंच सायकल गुपचूप बाहेर काढून तिला शिकवायला घेतली होती. ती पडली आणि डावं मनगट मोडलं. वडिलांनी एकोजीला वेताच्या छडीनं असं फोडलं की शेजारचे लोक मध्ये पडले. हात सांधला, पण सायकल हा शब्द त्या घरात पुन्हा निघाला नाही. अजूनही फोनवर बोलणं संपवताना एकोजी विचारायचा, "हात कसा आहे?" एक्केचाळीस वर्षं झाली, तरी विचारायचा.

जानेवारीत, मार्गळी महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दारोदारी कोलमची रांगोळी काढणं चाललेलं असताना चंद्रिका निघाली. रेट्टेरीपर्यंत ती गुणगुणत होती. पुळल तलावाशी गुणगुणणं थांबलं. रेड हिल्सला बैठकीची हाडं ठणकायला लागली. तिनं सीटवर जाड मऊ कव्हर चढवलं होतं, पण ते दबून एका बाजूला सरकलं होतं आणि मांड्यांना चिमटे काढत होतं. गुडघे पेटले. सगळ्यात वाईट म्हणजे दोन्ही तळहात बधिर झाले, डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तर आपली नाहीतच असं वाटू लागलं. कारनोडैचा पूल ओलांडल्यावर ब्रेक दाबायला गेली आणि बोटांत जोरच येईना. ती घाबरून रस्त्याच्या कडेला उतरली. चहाच्या टपरीपुढच्या बाकावर बसवेना, म्हणून उभी राहिली, आणि उभ्याउभ्या रडली.

टपरीवर एक नवराबायको चहा पीत होते. रिकामा टेम्पो घेऊन कोयंबेडूच्या बाजाराला निघालेले. बाईनं आपला चहा चंद्रिकेच्या हातात दिला, नवऱ्याकडून सायकल वर चढवून घेतली आणि तिला पुढे आपल्याशेजारी बसवलं. अण्णा नगरच्या कमानीपाशी उतरताना चंद्रिकेनं नाव विचारलं, तर ती बाई हसून म्हणाली, "पुढच्या वेळी टपरीवर थांबू नका, पुढे जा." टेम्पो निघूनही गेला.

घरी सुधींद्रांनी पाणी तापवलं. "बावीस किलोमीटर झाले," ते म्हणाले. "निम्मे." मास्तरांनी तिला निम्मे गुण दिले, नापास केलं नाही, याचं तिला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती सायकल घेऊन रंगा मेस्त्रीकडे गेली. रंगा साठीचा, बारीक अंगाचा माणूस. बस स्टँडमागच्या गल्लीत पत्र्याखाली त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. तिनं सगळं सांगितलं, कुठं दुखतं तेही न लाजता सांगितलं. रंगानं सायकल पाहिली नाही, तिला सायकलवर बसायला लावून तिलाच पाहिलं. मग तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, ही सायकल कोणाची?"

"मुलीची."

"मुलगी उंच असणार."

"बापावर गेलीय. माझ्याहून वीतभर उंच."

"तेच तर. तुम्ही मुलीचं ब्लाउज घालून हिंडताय, आणि काखेत काचतं म्हणून तक्रार करताय."

चंद्रिकेला हसू आलं आणि लाजही वाटली. गिंडीतल्या ज्या लहान कारखान्यात ती यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं काढायची, तिथं अर्ध्या मिलिमीटरसाठी ती तरुण इंजिनियरांना कागद परत पाठवायची. आणि इथं अख्ख्या सायकलला तिनं फूटपट्टी लावली नव्हती. पाय जमिनीवर टेकावेत म्हणून सीट तेवढी खाली केली होती. बाकी अनन्यानं जसं ठेवलं होतं तसंच राहू दिलं होतं, मुद्दाम. मुलगी सुट्टीला येईल, तिला तिची सायकल तशीच मिळावी.

तिनं तिथूनच अनन्याला फोन लावला. "तुझी सायकल थोडी बदलली तर चालेल का गं?"

पलीकडे अनन्या तमिळ, इंग्रजी आणि मोडकी मराठी एकत्र करून ओरडली, "अम्मा, ती सायकल आता तुझी आहे! काय पाहिजे ते कर. आणि ऐक, सायकलवाल्यांची गादी लावलेली चड्डी मिळते, ती मी पाठवते. सलवारच्या आत घाल. कोणाला दिसत नाही."

रंगानं आधी ते मऊ कव्हर काढून बाजूला टाकलं. "मऊ ते पाच मिनिटं बरं. हाडांना टेकायला घट्ट जागा लागते." अनन्याच्या अरुंद सीटऐवजी त्यानं जरा रुंद सीट बसवली, समपातळीत केली आणि पुढे सरकवली. हँडल धरणारा दांडा आखूड घातला, हँडल वर आणलं. चंद्रिकेला आता पुढे ओणवं पडावं लागेना. मग त्यानं सीट वर करायला घेतली तशी ती घाबरली.

"मेस्त्री, वर नको! पाय टेकणार नाहीत."

"टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सगळ्यात खाली आलं की पाय सरळ व्हायला पाहिजे. सीट खाली आहे म्हणून तर गुडघे बोंबलतात. थांबताना सीटवर बसून का थांबायचं? पुढे उतरायचं, एक पाय खाली."

ते पुढे उतरणं शिकायला तिला आठ दिवस लागले. त्यात दोनदा आपटली, एकदा थेट नारळवाल्याच्या गाडीवर. त्या नारळवाल्यानं तिला शिव्या द्यायच्या सोडून शहाळं फोडून दिलं. पुढचे पाच आठवडे ती रंगाकडे येत राहिली. पंधरा किलोमीटर गेली, आली, सांगितलं: उजवा गुडघा आतून दुखतो. त्यानं सीट नखभर मागे घेतली. पंचवीस गेली: मान आखडते. हँडल आणखी थोडं वर. चंद्रिकेनं सीटच्या दांड्यावर पांढऱ्या रंगानं बारीक खूण केली आणि कागदावर सायकलचं ड्रॉइंगच काढलं, मापांसकट. रंगानं ते दुकानात चिकटवलं. कोपर थोडं मोडून ठेवायचं, मूठ आवळायची नाही, तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं, हेही ती शिकली. एक दिवस रेड हिल्सवरून परत येताना तिच्या लक्षात आलं, की गेला तासभर तिला स्वतःच्या शरीराची आठवणच झाली नव्हती. रस्त्याच्या कडेची पाणकोंबडी दिसली होती, भिजलेल्या मातीचा वास आला होता. दुखणं असलं की या गोष्टी नसतात.

फेब्रुवारीअखेर, मासी महिन्यातल्या एका रविवारी पहाटे ती पुन्हा निघाली. सुधींद्र लोकल गाडीनं थेट गुम्मिडिपूंडीला जाऊन थांबणार होते. कारनोडैच्या टपरीपाशी ती थांबली नाही, फक्त हात वर केला. तिथं कोणी ओळखीचं नव्हतं, तरी केला. तच्चूरच्या पुढे ट्रक वाढले, वारा समोरून आला. तिनं मीठ घातलेलं ताक प्यायलं, दहा मिनिटं झाडाखाली उभी राहिली, हात झटकले. बोटं जागी होती. कवरपेट्टै गेलं. थकवा होता, चांगलाच होता, पण तो कामाचा थकवा होता.

सव्वानऊला ती एकोजीच्या फाटकाशी उतरली. तो लुंगी नेसून जाईच्या वेलाला पाणी घालत होता. तिला पाहून त्याचा चेहरा फुलला. मग तो तिच्यामागे रस्त्यावर ऑटो शोधू लागला.

"एकटीच कशी गे? सुधींद्र कोठे?"

"स्टेशनवरून येताहेत."

"आणि तू?"

तिनं सायकलच्या सीटवर हात ठेवला. एकोजीच्या हातातली नळी खाली पडली, पाणी त्याच्याच पायांवर वाहू लागलं. तो जवळ आला आणि आधी काय केलं, तर तिचा डावा हात हातात घेऊन मनगट उलटसुलट करून पाहिलं.

"दुखतं?"

"नाही रे अण्णा."

तो ओट्यावर बसला. त्याच्या बायकोनं, राजसबाईंनी, पाणी आणलं, ते त्यानंच पिऊन टाकलं. मग खाली बघत म्हणाला, "तुला एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी तू पडलीस ती माझ्यामुळे. तुझा तोल गेला नव्हता. मी सीट सोडून दिली होती. मुद्दाम. तुला येतं का बघायला. अप्पांनाही कधी सांगितलं नाही, तुलाही नाही."

चंद्रिकेनं विचारलं, "म्हणजे मी लगेच पडले नव्हते?"

"लगेच? छे. चार घरं गेलीस तू. कृष्णाजींच्या दारातल्या गाईला बघून घाबरलीस, मग पडलीस."

"चार घरं? एकटी?"

"एकटी."

"अण्णा! मग सांगायचं नाही का? एक्केचाळीस वर्षं मला वाटत होतं की मला जमतच नाही. मला तर येत होती!"

ती हसायला लागली. हसताहसता तिचे डोळे भरून आले. एकोजी आधी गोंधळला, मग तोही हसू लागला, आणि त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरून गेल्यासारखं राजसबाईंना स्पष्ट दिसलं. "आत या दोघं," त्या म्हणाल्या, "इडल्या निवताहेत."

सुधींद्र आल्यावर जेवणं झाली. राजसबाईंनी चंद्रिकेच्या पोटऱ्यांना तीळतेल चोळलं. एकोजीनं सायकलची साखळी पुसून तिला तेल घातलं, नटबोल्ट एकेक करून तपासले आणि रंगा मेस्त्रीचं काम चोख असल्याचा निर्वाळा दिला. निघताना त्यानं हाताबद्दल विचारलं नाही. "पुढच्या महिन्यात कधी येतेस?" एवढंच विचारलं.

परतीला सायकलसकट दोघं विक्रेत्यांच्या डब्यात चढले. मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांनी सरकून चंद्रिकेला जागा दिली. बसल्याबसल्या तिला आज कोणाकोणाचे आभार मानायचे ते आठवू लागलं: ती टेम्पोतली बाई, रंगा, तो नारळवाला, अनन्या. यादी पुरी व्हायच्या आत तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा गाडी शहरात शिरली होती. समोर सुधींद्र एका हातानं वरची कडी आणि दुसऱ्या हातानं सायकल धरून उभे होते. शेजारी जागा रिकामी होती.

"बसला का नाहीत?" तिनं विचारलं.

"वळणावर पडली असती," ते म्हणाले.

तिनं उठून हँडल धरलं आणि त्यांना बसायला लावलं.