तिचं पांढरं नेसणं

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही धड नाही. पण रंगाचं मला कोणी शिकवू नये. वर्ध्याच्या बाजारओळीतल्या कितीतरी दुकानांच्या भिंती माझ्या हाताखालून गेल्या. शेठलोक डबा उघडायच्या आधी विचारायचे, मिस्त्री, हा सुकल्यावर कसा दिसेल? मी सांगायचो, आणि तो तसाच दिसायचा. अशा माणसाच्या घरात बायकोनं रंग सोडला. हे मला का लागलं ते समजून घ्यायचं असेल तर एवढं आधी लक्षात ठेवा.

आम्ही ख्रिस्ती. आजोबांपासून मिशनच्या मंडळीतले. घर वर्ध्यालगतच्या सिंदी मेघे इथं. रविवारी सकाळी पायीच उपासनेला निघायचो. मी पुढे, आमची एकुलती मुलगी मध्ये, बायको मागे. देवळाचं, म्हणजे आमच्या चर्चचं, फाटक आलं की ती पदर डोक्यावर घ्यायची. आमच्या बायांचं मर्यादेचं वळण एवढंच होतं. प्रार्थनेत डोकं उघडं नको, पाठ झाकलेली हवी, बाही कोपरापर्यंत हवी. कुंकू आमच्यात नव्हतंच. पण हातभर बांगड्या होत्या, नाताळात शेवंतीची वेणी होती, आणि पातळं होती. हिरवं, जांभळं, मोरपंखी. आत गेलं की बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मधून वाट. पाळकसाहेबांचा उपदेश लांबला की मी पलीकडे बघायचो. एवढ्या पदरांमधून माझ्या घरचा पदर शोधायला मला वेळ लागत नसे. उपदेशातलं आज काही आठवत नाही. ते पदर आठवतात.

नव्वद सालानंतरची गोष्ट. नालवाडीच्या बाजूला टिनाच्या शेडमध्ये एक नवी प्रार्थनासभा सुरू झाली. त्यांच्यात बायांनी सोनं घालायचं नाही, बांगड्या नाहीत, फुलं नाहीत आणि नेसायचं ते पांढरंच. त्याच सुमारास मुलीला टायफाईड झाला. ताप उतरता उतरेना. शेजारची एक बाई आमच्या घरच्या बाईला त्या सभेत घेऊन गेली. पोरगी बरी झाली. मी म्हणत आलो औषधानं, ती म्हणत आली प्रार्थनेनं. मी तेव्हा हिंगणीला शाळेच्या भिंती रंगवत होतो. घरी आलो तर ती मोरीपाशी बसून हाताला साबण लावून बांगड्या काढत होती. फोडल्या नाहीत. एकेक सोडवून शेजारच्या पोरींसाठी ताटात ठेवत होती.

"हे काय चाललं?"

"देवाले कबूल केलं."

"अन् मले इचारलं?"

"पोरगी तापानं फणफणत होती तवा तुमी कुठं होते इचाराले?"

"मजुरी कोण आणणार होतं मंग? तुह्या सभेतला भाऊ?"

तिनं पुढची बांगडी सोडवली. दुसऱ्या रविवारी पांढरं पातळ नेसून उभी राहिली. मी दारातच वाद घातला.

"देवाले रंग नको असते तं त्यानं पळस काऊन केला?"

"पळसाकडे कोणी डोळे फाडून पाहत नाई."

"मी पाहतो."

"तुमी तं भिंतीकडेही पाहता." मग जरा मऊ होऊन म्हणाली, "शास्त्रात आहे, बाईनं वरून सजू नाई, आतून सजावं."

"आतलं मले दिसत नाई ना."

"देवाले दिसते."

"आयक. पांढरा म्हणजे अस्तराचा हात. त्याच्यावर रंग चढवा लागते. तू तं अस्तरावरच काम थांबवलं."

"अन् तुमच्या रंगाले दोन पावसाळ्यात पोपडे येते," ती म्हणाली आणि नालवाडीच्या रस्त्याला लागली.

तेव्हापासून रविवारी आमच्या घरातून दोन वाटा निघू लागल्या. ती तिच्या शेडमध्ये, मी आणि मुलगी आमच्या देवळात. सभेच्या लोकांना मी वाईट म्हणत नाही. त्यांच्यातले कितीतरी दारू सोडून माणसात आले. पण बाईनं मर्यादेनं राहायचं म्हणजे फिकं पडायचं, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. आमच्या मंडळीतल्या जुन्या बाया काय निर्लज्ज होत्या?

एकदा मोठी मजा झाली. मजा आता म्हणतो. हिंगणीला कामावर असताना मी एका शेतकऱ्याच्या ओसरीवर उतरत असे. भला माणूस. त्यानं वर्ध्याच्या बस स्टँडवर आमच्या घरच्या बाईला पाहिलं. पांढरं पातळ, भुंडे हात. त्याच्या गावात त्याचा अर्थ एकच. विचारायची हिंमत त्याला झाली नाही. पुढच्या बाजाराला तो सरळ आमच्या घरी आला, खांद्यावर उपरणं, तोंड उतरलेलं. मी अंगणात खिळ्याला आरसा टांगून दाढी करत होतो. तोंडभर फेस. तो फाटकातच थिजला.

"बापा! तुमी?"

"मी नाई तं कोण? माह्या घरात दुसरा कोण दाढी करन?"

"नाई म्हणजे... वहिनी दिसल्या होत्या स्टँडवर."

"मंग?"

"पांढऱ्यात." त्यानं स्वतःच्या मनगटाकडे बोट दाखवलं आणि मान खाली घातली. "मले वाटलं, मिस्त्री गेले."

तेवढ्यात ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, अंगावर तेच पांढरं. सगळं ऐकलं होतं तिनं. पदर तोंडात कोंबला तरी हसू आवरेना. "भाऊ, जिवंत आहे ते. आले तं चहा घेऊन जा." तो बिचारा ओट्यावर बसला आणि कपाळाला हात लावून इतका हसला, इतका हसला की मलाही हसावं लागलं.

तो गेल्यावर मात्र माझं डोकं फिरलं. "मी जिता असून लोक माह्या मैताले येऊन राह्यले! आता तरी सोडशील का हे?"

ती कपबशा विसळत होती. मान वर न करता म्हणाली, "आपल्यात पांढरं विधवेचं कधीपासून झालं? लग्नात मी काय नेसली होती?"

मी आरशाकडे वळलो.

"सांगा ना. पांढरंच होतं ना? डोक्यावर जाळी. तवा तं तुमी पाळकसाहेबाकडे पाहतच नव्हते."

खरं होतं. आमची नवरी पांढऱ्यातच असते. मी वस्तरा पाण्यात खळबळत बसलो. पण तेव्हापासून मनात एकच धरलं, हिला एकदा रंगात पाहायचं. एकदाच. मग मी गेलो तरी हरकत नाही. हट्ट म्हणा. मी हट्टीच आहे.

वर्षं गेली. मुलगी नर्स झाली, नागपूरचं स्थळ आलं, लग्न ठरलं. सन दोन हजारच्या पुढची गोष्ट. मी ओळखीच्या शेठच्या दुकानात गेलो. शेठ म्हणाला, "बिटिया के लिए?" मी म्हटलं, "बिटियाच्या आईसाठी." तो पांढऱ्या गठ्ठ्याकडे वळला. म्हटलं, "तिकडे हात नका लावू. रंगातली दाखवा." ट्यूबलाईटखाली रंग खोटा दिसतो, म्हणून दर साडी दुकानाच्या पायरीवर नेऊन उन्हात धरली. शेठ वैतागला, मी ऐकलं नाही. शेवटी डाळिंबी घेतली, बारीक जरीचा काठ. भडक नाही. पिकलेल्या डाळिंबाची साल असते तसा रंग.

घरी आणून तिच्या मांडीवर ठेवली. "लग्नात हे नेसजो."

तिनं कापडावरून हात फिरवला. दोनदा फिरवला, मी पाहिलं. मग म्हणाली, "नाई."

"नाई तं मीही पोरीचा हात धरून देवळात जात नाई."

आमच्यात बाप मुलीला हात धरून वेदीपर्यंत नेतो. त्याशिवाय लग्न लागत नाही असं नाही, पण लोक काय म्हणतील ते सांगायला नको. मुलगी रडकुंडीला आली. "बाबा, तुमच्या दोघाईच्या एका पातळावरून माह्यं लग्न मोडता काय?" मी म्हटलं, तुझ्या आईला विचार. पुढचे दिवस आई पाहुण्यांचं पाहत राहिली आणि माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली.

लग्नाची सकाळ. मुलगी शेजारच्या घरी केस बांधायला गेली होती. मांडवात पाहुणे चहा पीत होते. मी मुद्दाम कामाचे कपडे घालून खुर्चीवर बसलो होतो. आतून तिनं आवाज दिला, "अवो, जरा आत या."

गेलो. तिनं माझ्यामागं दार लावलं.

डाळिंबी नेसून उभी होती.

खिडकीतून ऊन येत होतं. कानशिलाचे केस पांढरे झालेले, हात भुंडे ते भुंडेच. उन्हात धरून पाहिला होता त्याहून रंग निराळाच चढला होता. आयुष्यभर लोकांना सांगितलं सुकल्यावर कसं दिसेल, आणि हे मला आधी दिसलं नव्हतं.

"पाहून घ्या," ती म्हणाली. "हे तुमच्यापुरतं आहे. देवळात मी पांढरंच नेसन."

"लोकाईनं पाह्यलं तं काय बिघडते?"

"माहं बिघडते." मग ओठ दाबून हसली. "फिरू का?"

आणि फिरली. लग्नाच्या वयाची मुलगी असलेली बाई, पण पोरीसारखी एक गिरकी घेतली तिनं. मागून काठ एका बाजूला उंच झाला होता. मी खाली बसलो आणि काठ ओढून सारखा केला. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. बाहेर कोणीतरी ओरडलं, "नवरीचे बाबा कुठं गेले?"

"जा आता," ती म्हणाली. "कपडे बदला. पोरीचा हात धरा."

मी बदलले. धरला. ती पांढऱ्यात आली आणि बायांच्या बाजूला बसली. त्या दिवशी तिला शोधावं लागलं नाही, सगळ्या रंगांत तेवढी एकच पांढरी होती.

त्यानंतर मी कधी पुन्हा नेस म्हटलं नाही, एकदाच पाहायचं धरलं होतं, ते पाहिलं. तिनंही आपणहून नेसलं नाही. साडी मुलीच्या सामानात देऊन टाकली. पुढे ती आजारी पडली आणि गेली, पांढऱ्यातच. त्याला मी हरकत घेतली नाही. आता रविवारी मी एकटा देवळात जातो. बायांची बाजू भरलेली असते, तरण्या पोरी सलवार-कमीज घालून येतात, ओढणी डोक्यावर घेतात, छान दिसतात. मी मात्र उपदेश ऐकतो. तिकडे बघायचं काही राहिलं नाही.

गेल्या नाताळाला मुलगी नागपूरहून आली. सकाळी डाळिंबी नेसून समोर उभी राहिली. "कसं दिसते बाबा? आज काढलं. आईनं तं घडीसुद्धा मोडली नव्हती. जसंच्या तसं कोरं."

मी तिच्याकडे पाहिलं. चेहरा माझ्यावर गेलाय तिचा.

"हो," मी म्हटलं, "कोरंच होतं."