धनंजयचा हात आणि पंपाचं बटण

इकडे उत्तरेत, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये धनंजय राहतो. कुकरची शिट्टी व्हायच्या आत चमच्याने उचलून वाफ काढणारा माणूस. त्याची बायको नीलम म्हणते, "लग्नातला अंतरपाट ह्यांनीच खाली ओढला होता."

अशा माणसाला देवाने काम काय द्यावं, तर वाट बघण्याचं! प्रयोगशाळेत त्याने काचेसारखी एक छोटी पट्टी बनवली आहे. आत केसासारख्या बारीक नळ्या, खाली लोहचुंबक. कॅन्सरच्या पेशींना लोहाचे अतिसूक्ष्म कण चिकटवायचे आणि पाण्याबरोबर नळीतून सोडायच्या. पेशी चुंबकापाशी अडकतात, पाणी पुढे जातं. मात्र पंपाने पाणी अगदी हळू सोडायचं. जोर केला की पेशीही वाहून जातात.

आणि धनंजय दर वेळी पंपाचं बटण फिरवून जोर वाढवतो.

"आता फसलं तर पट्टी कपाटात," त्याच्या साहेब विनीता मॅडमनी बजावलं. सगळी मेहनत पाण्यात जायची वेळ. नीलम रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली.

"सुचित्रावहिनी, तुम्ही बोलायला लागलात की दूध उतू गेलं तरी माणूस हलत नाही. ह्यांना फोनवर धरून ठेवा ना!"

मी अपमान गिळला आणि प्रयोग सुरू व्हायच्या वेळी त्याला प्रयोगशाळेत फोन लावला.

"वहिनी, ये तो चींटी की चाल है. जरासा वाढवतो..."

"वाढव बाबा. मग आपल्या खालच्या मिश्राजींकडे काल पोलीस का आले, ते राहू दे."

"पोलीस?" बटणाचं तो विसरलाच.

आले होते बिचारे पासपोर्टच्या चौकशीला. पण तिथपर्यंत मी गोष्ट पोचूच दिली नाही. मध्ये मिश्राजींची मेहुणी आणली, मेहुणीची स्कूटी आणली. धनंजयचं आपलं, "अच्छा! फिर?" पंप मुंगीच्या चालीने चालत राहिला.

शेवटी मागे यंत्राची शिट्टी ऐकू आली.

"संपलं वाटतं. जा, बघ."

"रुको वहिनी, आधी स्कूटीचं सांगा!"

मी खेकसले तेव्हा कुठे तो सूक्ष्मदर्शकाकडे गेला.

"वहिनी... आहेत. चुंबकापाशी दाटीवाटीने बसल्यात. जवळजवळ सगळ्या." आवाज ओला झाला होता त्याचा.

संध्याकाळी मिठाई घेऊन आला. "मॅडम खूश आहेत. पण म्हणाल्या, एकदा जमलं म्हणजे जमलं नव्हे. हेच अजून पाच वेळा करून दाखव." मग चुळबुळत, "वहिनी, उद्या मोकळ्या आहात ना?"

पाच वेळा! सोसायटीत एवढं घडलेलं तरी कुठे होतं? मी चपला घातल्या आणि पार्कात, बायका बसतात त्या बाकाकडे निघाले.